गोड पाण्याचा उन्हाळा

कंपौंडरकाकांनी माझं एक लग्न मोडलं. ठरायच्या आधीच मोडलं, तेव्हा नुकसान असं काही झालं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हा नाशकात त्यांच्या घरात एका खोलीचा भाडेकरू होतो आणि विड्यांच्या एका कारखान्यात चेकर. सिन्नरकडचे एक गृहस्थ आपल्या मुलीसाठी माझी चौकशी करायला आले. घरमालकाला विचारावं, तोच खरं सांगेल, असा त्यांचा हिशेब. काका ओट्यावर बसले होते.

"मुलगा कसा आहे?" गृहस्थांनी विचारलं.

"उत्तम," काका म्हणाले. "विड्यांच्या कारखान्यात असून विडी ओढत नाही. वेळेवर घरी येतो. पण पाणी फार कमी पितो. लघवी पिवळी होते. मी स्वतः पाहिली आहे."

गृहस्थ चहाला थांबले नाहीत.

"काका, हे सांगायची काय गरज होती?" मी संध्याकाळी विचारलं.

"खोटं सांगायला हवं होतं?"

"काहीच सांगायला नको होतं."

"उद्या तुला मुतखडा झाला की ती पोर मला शिव्या देणार. आधीच सांगितलेलं बरं." एवढं बोलून त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. मी रागानं तो पूर्ण प्यायलो, तर म्हणाले, "बघ, अपमानानं तहान लागते. हे माझ्या आधी कधी लक्षात आलं नव्हतं."

चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात औषधांच्या बाटल्या भरून ते निवृत्त झाले होते. त्या चाळीस वर्षांत निम्मं औषध नळाचं पाणी होतं आणि रोगी बरे झाले ते त्या निम्म्यामुळे, अशी त्यांची पक्की खात्री होती. "औषध म्हणजे उशिरा प्यायलेलं पाणी," असं ते येता-जाता म्हणत. रस्त्यात कोणी भेटलं की नमस्काराच्या आधी त्याचा हात हातात घेत, पंजाच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडत आणि ती परत खाली बसायला किती वेळ लागतो ते मनात मोजत. मामलेदारालाही त्यांनी हे केलं होतं. कातडी लवकर बसली तर म्हणत, "वा." नाही बसली तर म्हणत, "चला घरी." आणि खरंच घरी नेऊन पाणी पाजत.

जानव्याला किल्ली बांधतात, तशी त्यांच्या जानव्याला किल्ली होतीच; शिवाय एक लहानसा पितळी चमचा होता. कोणाच्याही घरी गेले की आधी तिथलं पाणी त्या चमच्यानं चाखत. मग मान डोलावत, किंवा डोलावत नसत. गोड पदार्थ पुढे आला तर त्याचा थेंब ओट्याच्या कडेला ठेवून मुंग्या येतात का ते बघत. मुंगीनं पसंत केल्याशिवाय ते पेढासुद्धा खात नसत. श्राद्धपक्षात त्यांना ब्राह्मण म्हणून बोलावणाऱ्यांची यामुळे फार पंचाईत होई. खीर निवायची आणि पितर ताटकळायचे.

अशा माणसाला मीच आमच्या कारखान्यात नेलं. माझ्या आयुष्यात मी ज्या गोष्टी चांगल्या हेतूनं केल्या, त्या सगळ्या अशाच झाल्या आहेत.

झालं असं की चैत्र लागला आणि आमच्याकडे बायका पडायला लागल्या. पत्र्याची लांब शेड, मांडीवर सुपं घेऊन ऐंशी-नव्वद बाया पाना-तंबाखूच्या विड्या वळत बसलेल्या. हवेत तंबाखूची धूळ. दर दोन-तीन दिवसांनी एखादी मागच्या मागे कलंडायची. तिच्या तोंडावर पाणी मारायचं, कांदा हुंगवायचा, ती उठून पुन्हा सूप मांडीवर घ्यायची. शेठ हैराण झाले. त्यांना दया नव्हती असं नाही; पण एक बाई पडली की दहा बाया हातातलं काम टाकून तिच्याभोवती जमत, हे त्यांना जास्त सोसत नसे.

त्यात शेवंता होती. विशी-बाविशीची, पाचवा महिना चालू होता. गेल्या उन्हाळ्यात तिचं सातव्या महिन्यात गेलं होतं. अंगात ताप, लघवीला आग, आम्ही जिला उन्हाळी म्हणतो ती लागलेली, आणि त्यातच एका दुपारी ती शेडमध्ये आडवी झाली होती. या वर्षी चैत्रातच तिच्या तोंडावर ती कळा दिसायला लागली. शेठ मला म्हणाले, "तुझा तो म्हातारा आहे ना, त्याला आण. एक उन्हाळा बघतो."

काका आले. त्यांनी शेवंताच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, शेताच्या बांधासारखी. काकांनी आत्तापर्यंत मोजणं कधी अर्धवट सोडलं नव्हतं, ते त्या दिवशी सोडलं.

"पोरी, दिवसाला किती पाणी पितेस?"

शेवंतानं सूप मांडीवर ओढलं. तिच्या शेजारची राधाबाई, शेडमधली सगळ्यांत जुनी बाई, म्हणाली, "पिती की काका. लागंल तसं पिती."

काकांनी कोपऱ्यातल्या माठातलं पाणी चमच्यानं चाखलं. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. तोंडात घेतलं की कोणीतरी आधी प्यायलंय असं वाटायचं. काकांचा चेहरा उजळला. रोग सापडला होता.

"असलं पाणी कोण पिईल?" ते मला म्हणाले. "बिचाऱ्या घोटभर घेतात आणि ठेवतात. याला चव आणली पाहिजे. चव आली की पितील. पाणी पोटात गेलं की शेवंता नीट बाळंत होते की नाही बघ."

मला हे पटलं. ऐंशी बायका मचूळ पाण्यामुळे पाणी पीत नाहीत, हे आम्हा दोन पुरुषांना अर्ध्या तासात समजलं होतं. त्यांच्यापैकी एकीलाही आम्ही विचारलं नव्हतं.

वासाचा प्रश्न लवकर मिटला. वाळ्याची जुडी माठात सोडली, लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ. अडलं ते गोडीवर. गोड कशानं करायचं यावर काकांनी जेवढा विचार केला, तेवढा मी नंतर माझ्या दुसऱ्या लग्नावरही केला नाही.

पहिली साखर. काकांनी दोन्ही माठांत स्वतः ढवळली. माठ दोन होते, एक हिंदू बायकांचा, एक मुसलमान बायकांचा. ओगराळं मात्र काका दोन्हीत एकच घालत आणि सगळ्या त्या वेळी नेमक्या दुसरीकडे बघत. आमिना म्हणून एक बाई होती, तिनं वास घेऊन विचारलं, "काका, निकाह किसका है?" शेडमध्ये हशा पिकला. पण प्यायलं कोणी नाही. राधाबाई म्हणाली, "मोरस साखर हाय नव्हं ही, इलायती? हाडांनी साफ करत्यात म्हनं. आज माझा सोमवार." मंगळवारी दुसऱ्या चौघींचा मंगळवार निघाला. गुरुवारपर्यंत काकांनी वाट पाहिली. ज्यांचा कोणताच वार नव्हता, त्यांचे दात दुखत होते.

मग मध. त्यासाठी मी हरसूलच्या बाजाराला गेलो. जाताना बैलगाडी, येताना पाय. डोंगरातला अस्सल मध म्हणून एका माणसानं मला बाटली दिली. त्यानं मधमाश्यांची शपथ घेतली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. घरी काकांनी चमचाभर चाखला, ओट्यावर थेंब ठेवला, मुंग्या आल्या, तरी त्यांची मान डोलेना.

"काय झालं काका?"

"या मधमाश्यांचं स्वतःचं गुऱ्हाळ असलं पाहिजे," ते म्हणाले. "ही काकवी आहे."

तिसरं सॅकरीन. सोडावॉटरवाला वापरतो म्हणून मी त्याच्याकडून पांढऱ्या गोळ्यांची बाटली आणली. साखरेपेक्षा शेकडो पटींनी गोड, त्यानं सांगितलं होतं. किती शेकडो, हे मी विचारलं नाही. माठ मोठा म्हणून मी मूठभर टाकल्या. आमिनानं पहिला घोट घेतला आणि मग बराच वेळ तोंड उघडं ठेवून बसली. "काका," ती शेवटी म्हणाली, "मीठा है. कडवा भी है. लोहा भी है." काकांनी त्या पाण्याचा थेंब घरी नेऊन ओट्यावर टाकून पाहिला. मुंगी आली, थबकली, वळून गेली. "तू मुंगीला विचारायच्या आधी माठात का टाकलंस?" त्यांनी मला विचारलं.  

तोवर वैशाख लागला होता. शेवंताचे पाय सुजायला लागले. काका रोज सकाळी तिची जीभ बघत आणि मान हलवत घरी येत. रात्री त्यांचं जेवण जाईना. मला त्यांची कीव आली आणि मी म्हणालो, "काका, गूळ."

ही कल्पना माझी होती, हे इथे लिहून ठेवतो, कारण बोलायला हवं होतं तेव्हा मी बोललो नाही.

गुळाचं पाणी दिसायला पुरातल्या गंगेसारखं झालं. पण उपवासाला चालतं, दाताला चालतं, कोणाचा वार आड येत नाही. काकांनी मला माठांजवळ पाटी घेऊन बसवलं. जी बाई तांब्या भरून नेईल तिच्या नावापुढे रेघ. पहिल्या दिवशी तीस रेघा. चौथ्या दिवशी दीडशे. दुपारी माठ पुन्हा भरावे लागले. शेवंताच्या नावापुढे पाच रेघा. काकांनी पाटी हातात घेतली आणि एखाद्यानं नातवाचं प्रगतिपुस्तक बघावं तशी बराच वेळ बघितली.

"तुझ्या डोक्यात कधीकधी येतं काहीतरी," ते मला म्हणाले. त्यांच्याकडून मिळालेली ही एवढी एकच शाबासकी.

तरी शेवंताची कातडी चिमटीतून सोडली की तशीच उभी. काका चक्रावले. "पाच तांबे पिते आणि जीभ कोरडी? जातं कुठं हे पाणी?" मग म्हणाले, गूळ उष्ण पडत असेल, गूळ कमी करून पाहिला. लिंबू वाढवलं. बडीशेप घातली. रेघा वाढतच होत्या.

याच दिवसांत विड्या शेकायच्या भट्टीकडून मला गुळाच्या पोळ्यांचा वास येऊ लागला. मी कारखान्याचा चेकर. वासावरून विडीतली खोट ओळखायची, याच कामासाठी मला ठेवलेलं. मी आठवडाभर तो वास घेतला आणि शेठच्या घरी पाहुणे आले असावेत असं समजून गप्प बसलो. एकदा तर मनातून रागही आला की आपल्याला कोणी जेवायला बोलावलं नाही.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला लासलगावचा आमचा घाऊक गिऱ्हाईक स्वतः आला. पोतं खांद्यावरून शेठच्या पुढ्यात ठेवलं.

"शेठ, ह्या विड्या हायेत का पेढे?"

"काय झालं?"

"मुंग्या लागल्यात जुड्यांना. मानसं विडी पेटवायच्या आधी झटकत्यात. एक म्हातारा म्हनला, ओढ लय गोड हाय, पन मिशीत मुंगी जाती."

शेठनी जुडी हातात घेतली, वास घेतला, एका विडीचं पान जिभेला लावलं. मग माझ्याकडे बघितलं. मी पाटीकडे बघितलं.

टेंभुर्णीचं पान वळायला ओलं लागतं. उन्हाळ्यात ते सारखं वाळतं, तडकतं, आणि त्यावर पाण्याचा हात फिरवावा लागतो. विहीर शेडपासून लांब. माठ जवळ. दीडशे तांबे कुठे जात होते ते शेठना माझ्या आधी कळलं, मला काकांच्या आधी, आणि काकांना सांगायचं काम माझ्यावर आलं.

काका शेडमध्ये राधाबाईसमोर जाऊन उभे राहिले. रागावले नव्हते.

"तुम्ही पाणी पानांवर शिंपडता?"

बायांनी पदर तोंडाला लावले. राधाबाईनं मात्र हातातली कात्री खाली ठेवली.

"काका, तुमी लय जीव लावता. नाय कसं म्हनायचं? म्हनून घोटभर घ्यायचो. बाकीचं फेकून तरी कसं द्यायचं, गूळ हाय त्यात. मारायचो पानावर."

"पण प्यायला काय झालं? गोड नाही लागत?"

"लागतं की. झ्याक लागतं."

"मग?"

"पिऊन जायाचं कुठं?"

काकांना कळलं नाही. "कुठं म्हणजे?"

आमिनानं मान फिरवली. राधाबाईनं कात्री उचलून तिच्या टोकानं मागच्या भिंतीकडे दाखवलं. "मागं टांगेवाले बसत्यात दिसभर. पुढं रस्ता. तुमी गडी मानसं भिताडाला जाता. आमी पहाटं घरून निघताना जातो ते दिवस मावळल्यावर. पोटात पानी गेलं की कळ येती, मग हातात विडी वळत नाय. कोरडं ऱ्हायलं की निभतं. आन ही शेवंता दोन जिवाची, हिला घोटभर बी ठरत नाय. म्हनून ही घोटभर बी घेत नाय."

शेवंता विडी वळत होती. तिचे हात थांबले नव्हते.

काका शेडबाहेर निघाले. मी त्यांना घरी नेलं. ओट्यावर बसल्यावर म्हणाले, "चाळीस वर्षं मी लोकांना जीभ दाखव म्हणतोय." मग, "आमच्या घरात ही पहाटे चारला उठायची. अंधारात परसात जायची. थंडी असो, पाऊस असो. मी लोकांना सांगायचो, आमची ही फार शिस्तीची." त्यांची बायको जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. कशानं गेली, हे मी विचारलं नाही. मूत्रपिंड सुजलं होतं असं शेजारी म्हणत.

दुसऱ्या दिवशी शेठनी त्यांना बोलावलं. मीही होतो.

"काका, तुम्ही वयानं मोठे, म्हणून हात जोडून सांगतो. उद्यापासून येऊ नका. सगळ्या बाजारात माझ्या विड्यांचं हसं झालं."

"नाही येत," काका म्हणाले. "पण बायकांना मागच्या बाजूला आडोसा पाहिजे. तेवढं केलंत तर शेवंताचं मूल वाचेल."

"एकेक बाई दिवसातून तीनदा उठली तर विड्या कोण वळणार? तुम्ही?"

या ठिकाणी मला बोलायचं होतं. गूळ मी सुचवला. रेघा मी मारल्या. पोळ्यांचा वास मी घेतला. म्हाताऱ्याचा दोष एवढाच की त्यानं माझ्या पाटीवर विश्वास ठेवला. मी समोरची एक जुडी उचलली आणि तिचा दोरा तपासू लागलो. दोरा चांगला होता.

काका म्हणाले, "बरं. मग एक द्या. मागे पानांचं रिकामं बारदान पडलंय, तेवढं मला द्या. आणि चार बांबू."

शेठना सुटल्यासारखं झालं. म्हाताऱ्याला ओट्यावर सावली करायची असणार. "चार काय, दहा न्या."

काकांनी सहा घेतले. भर दुपारी शेडच्या मागे जाऊन पहारीनं खड्डे करायला लागले. मीही गेलो. धीर आला म्हणून नव्हे. शेडमधून बाहेर पडताना राधाबाईनं माझ्याकडे बघितलं म्हणून. एक टांगेवाला विडी ओढत जवळ आला.

"काय बांधताय काका?"

"दवाखाना."

"कुनाचा?"

"बायकांचा. पाणी उतरायचा."

टांगेवाल्यानं बारदानाकडे बघितलं. मग त्यानं माझ्या हातातली पहार घेतली, कारण मी खड्डा सोडून सगळीकडे मारत होतो. खांब रोवून झाल्यावर तो आपल्या लोकांकडे गेला, काहीतरी बोलला, आणि टांगे एकामागून एक रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली गेले.

सकाळी शेठनी ते पाहिलं. "हे काय?"

"काकांना दिलेलं बारदान," मी म्हणालो.

"घेऊन जायला दिलं होतं."

"नेणार आहेत. सवडीनं, म्हणाले."

माझ्या नोकरीतलं एवढंच एक धाडसाचं वाक्य, आणि तेही खोटं. काकांना सवड पुढे कधी मिळाली नाही. दोन आठवडे कोणी पडलं नाही, तेव्हा शेठही विसरले.

शेठनी आडोसा पाहिला त्याच संध्याकाळी मी घरी आलो तर काका ओट्यावर आडवे पडले होते.

"प्यायल्या?"

"दुपारच्या आत दोन्ही माठ रिकामे. शेवंता दोन तांबे. मी पाहिलं, पानांवर एक थेंब नाही."

"गोड काय घातलंस?"

"काही नाही."

"लिंबू?"

"नाही."

"मचूळच?"

"मचूळच, काका."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दोन महिन्यांत त्यांनी साखर, मध, गूळ, सगळं जिभेवर ठेवून तोलून पाहिलं होतं. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "दिवा लाव," आणि मी लावला.

श्रावणात शेवंताला मुलगी झाली. राधाबाई मुद्दाम काकांच्या घरी सांगायला आली. काका त्या महिन्यात फारच थकले होते. ओट्यावरून उठायचं म्हणजे आधी भिंत, मग खांब, मग माझा खांदा. बातमी ऐकून त्यांनी डोळे मिटले. सगळा उन्हाळा त्यांच्या अंगातून एकदम उतरावा तसे ते भिंतीला टेकले.

"दोघी बऱ्या?"

"पोर गुटगुटीत हाय. आई जरा मलूल हाय."

"मलूल का? पाणी पिते ना?"

राधाबाई त्यांच्याकडे नवलानं बघत राहिली. "पानी? काका, बाळंतीन हाय ती. बाळंतिनीला पानी देत्यात का कुठं? पाच दिस नाय द्यायचं."

काकांनी डोळे उघडले.  मग त्यांनी माझा खांदा धरला, उठले, आणि टोपी डोक्यावर ठेवत राधाबाईला विचारलं, "कुठल्या आळीत राहते ती?"